परदेशातल्या ब्रूपबमध्ये पहिल्यांदा जेवायला जाताना

माझा भाऊ अमेरिकेत असतो. आई आणि मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो तेव्हा भाच्याचा वाढदिवस होता आणि भावाने जेवायला ब्रूपबमध्ये टेबल सांगून ठेवलं होतं. आई माळकरी. बिअर गाळतात त्या जागी बसून जेवायचं, हे तिला पटेना. आमच्या परळमध्ये दारू मिळते ती जागा म्हणजे परमिट रूम. काळ्या काचा, आत अंधार, आणि घरातल्या बायकांनी समोरच्या फुटपाथने जायचं. त्यामुळे आईचं म्हणणं मला समजत होतं. पण आत शिरलो तर भरपूर उजेड, शेजारच्या टेबलावर आजी-आजोबा, कागदावर रंगीत खडूंनी चित्रं काढणारी दोन मुलं आणि सगळीकडे पावाचा खमंग वास. आई निवांत बसली.

त्यानंतर मी जर्मनीत, इंग्लंडमध्ये आणि प्रागलाही अशा ठिकाणी जेवले. मुंबईहून मुलांकडे किंवा ऑफिसच्या कामाला जाणारी आपली माणसं तिथे मेन्यू मिटून ‘तू सांगशील ते’ म्हणताना मी पाहिली आहेत. त्यांना माझा एकच आग्रह आहे: विचारा. ब्रूपबमध्ये विचारणाऱ्याला कुणी अडाणी समजत नाही. उलट आपण काय बनवलंय हे सांगायला ती माणसं उत्सुक असतात.

ही जागा आहे तरी काय

जिथे बिअर बनते त्याच छपराखाली ती विकली जाते आणि सोबत जेवण मिळतं, ते ब्रूपब. काचेमागे स्टीलच्या मोठ्या टाक्या दिसतात, त्या शोभेच्या नसतात. नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून आपण सत्त्व करतो तेव्हा ती गोडसर लागते ना, तसंच जवाला मोड आणून वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. हे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढायचं, ते हॉप्स नावाच्या वेलीच्या कडू फुलांबरोबर उकळायचं, गार करून आंबण्यासाठी यीस्ट घालायचं. साधारण दोन-तीन आठवड्यांत ‘एल’ जातीची बिअर तयार होते, ‘लागर’ जातीच्या बिअरला त्याहून जास्त दिवस लागतात. आत शिरताना येणारा पावासारखा वास या माल्टचा.

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावरही बिअर बनवणाऱ्याने ती थेट गिऱ्हाइकाला विकायला बहुतेक राज्यांत मनाई राहिली. १९८२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावात दारूबंदीनंतरचं तिथलं पहिलं ब्रूपब निघालं आणि मग एकेका राज्याने कायदे सैल केले. कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरमध्ये १९८८ साली जुन्या गोदामांच्या वस्तीत विनकूप ब्रुइंग हे ब्रूपब सुरू झालं. त्याच्या संस्थापकांपैकी जॉन हिकनलूपर पुढे शहराचे महापौर, राज्याचे गव्हर्नर आणि सिनेटर झाले. गोदामं रिकामी पडलेला तो भाग हळूहळू माणसांनी पुन्हा भरला. आमच्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे ऐकून दोन्ही वाटतं, बरंही आणि थोडं दुखल्यासारखंही.

रंगीत तालीम मुंबईतच करा

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी (म्हणजे बिअर बनवणारी छोटी जागा), डुलाली, २००९ मध्ये पुण्यात निघाली. आता मुंबईत लोअर परळला गिरण्यांच्या आवारात आणि अंधेरीत अशा जागा आहेत. परदेशी जाण्याआधी एखाद्या दुपारी तिथे जाऊन या. छोट्या ग्लासांत तीन-चार प्रकार मागवा, भिंतीवरचा बिअरचा फळा वाचा, वाढणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. अर्धा संकोच इथेच गळून पडेल. आपल्याकडे बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं आणि कायद्याप्रमाणे पिण्याचा परवानाही लागतो. परदेशात परवाना नाही, पण वयाचा पुरावा मागू शकतात. अमेरिकेत वय २१, ब्रिटनमध्ये १८, जर्मनीत बिअरसाठी १६. अमेरिकेत केस पांढरे झालेल्या माणसाकडेही ओळखपत्र मागतात, त्यात संशय नसतो. आधार किंवा आपलं लायसन्स तिथे चालेलच असं नाही, पिणाऱ्याने पासपोर्ट सोबत ठेवावा.

कार्डाचं काम घरून निघण्याआधी करा. भारतात दिलेल्या कार्डावर परदेशी व्यवहार आपोआप चालू नसतात, बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात. तिथल्या मशीनवर ‘रुपयांत भरणार की डॉलरमध्ये’ असा प्रश्न आला तर तिथलंच चलन निवडा. रुपये निवडले की मधला माणूस आपल्या दराने पैसे लावतो आणि तो दर सहसा महाग पडतो.

दारापासून टेबलापर्यंत

वेळ सांभाळा. आपण नऊला जेवायचा विचार करतो, तिथे कितीतरी ठिकाणी नऊ-साडेनऊला चूल थंड होते. बार उघडा असतो, पण जेवण मिळत नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाला पोहोचलात तर जागाही मिळते आणि वाढणाऱ्याला तुमच्याशी बोलायला सवडही असते. मुलं बरोबर असतील तर आधी फोन करून विचारा, काही ठिकाणी ठराविक वेळेनंतर मुलांना बसू देत नाहीत.

अमेरिकेत दारातच एक छोटं डेस्क असतं. तिथे थांबायचं, किती जण ते सांगायचं, मग ते टेबलापर्यंत नेतात. ‘सीट युवरसेल्फ’ अशी पाटी असेल तर हवं तिथे बसा. ब्रिटनमधल्या पबमध्ये मात्र बसून वाट पाहिलीत तर बहुधा कुणीच येणार नाही. टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा, उठून बारवर जायचं, जेवण आणि पेय दोन्ही तिथे सांगायचं आणि बऱ्याचदा पैसेही तिथेच आधी द्यायचे. बारवर रांग दिसत नाही, पण कोण कुणाच्या आधी आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुमच्या आधी आलेल्याला पुढे जाऊ द्या.

जर्मनीत लांब बाकं असतात आणि अनोळखी माणसांबरोबर बसायची पद्धत आहे. फोर्टातल्या इराण्याकडे किंवा माटुंग्याच्या उडप्याकडे आपण बसतोच की. ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’ म्हणजे ‘इथे जागा आहे का?’ एवढं विचारलं की पुरे. एखाद्या टेबलावर ‘श्टामटिश’ अशी पाटी दिसली तर तिथे बसू नका, ते नेहमीच्या मंडळींचं राखीव टेबल असतं.

बसल्यावर फुकट चकण्याची वाट पाहू नका. खारे शेंगदाणे, पापड, मसाला चणे आपोआप येणं हा आपल्याकडचा रिवाज. म्युनिकसारख्या ठिकाणी टेबलावर ब्रेत्सेल या पीळदार खारट पावांची टोपली ठेवलेली असली तरी जितके खाल तितके मोजून बिलात लागतात. प्रागच्या काही जुन्या बिअरघरांत वाढपी छोट्या ग्लासांत कडक दारू ट्रेमधून फिरवतो, तीही फुकट नसते. नको असेल तर हसून मान हलवा, रागावत नाहीत.

पाण्याचंही देशोदेशी वेगळं. अमेरिकेत बर्फ घातलेलं नळाचं पाणी आपसूक येतं. इंग्लंडमध्ये दारूचा परवाना असलेल्या जागेने मागितल्यावर नळाचं पाणी फुकट दिलंच पाहिजे, असा नियम आहे. जर्मनीत ‘वासर’ म्हटलं की विकतची बाटली येते, बहुतेक वेळा सोड्याची.

फळा वाचायचा कसा

भिंतीवरच्या फळ्यावर नाव, प्रकार आणि दोन आकडे असतात. ‘आयबीयू’ म्हणजे साधारण कडूपणा. दुसरा आकडा ‘एबीव्ही’, म्हणजे शेकडा किती अल्कोहोल, आणि तो आधी बघा. आपल्याला पेगाचा हिशोब कळतो म्हणून तसाच सांगते. अमेरिकन पाइंट ४७३ मिलीचा, त्यात ५ टक्क्यांची बिअर म्हणजे जवळजवळ २४ मिली अल्कोहोल. आपल्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये साधारण तेवढंच असतं, थोडंसं जास्त. ८ टक्क्यांची ‘डबल आयपीए’ नावाची कडक बिअर असेल तर त्याच ग्लासात दीड लार्ज. लाकडी पिंपात मुरवलेल्या ‘स्टाउट’ नावाच्या काळ्या बिअर १० टक्क्यांच्या वरही जातात, म्हणून त्या लहान ग्लासात देतात. ग्लास लहान म्हणून बिअर हलकी असा अर्थ अजिबात काढू नका. ब्रिटिश पाइंट आणखी मोठा, ५६८ मिलीचा, पण तिथे अर्धा पाइंटही मिळतो आणि तो मागण्यात कमीपणा नाही.

पहिल्यांदा गेलात तर ‘फ्लाइट’ मागवा. लाकडी फळीवर चार छोटे ग्लास येतात. ११८ मिलीच्या आसपासचे असतील तर चार मिळून बरोबर एक पाइंट होतो. दोघांत एक फळी पुरते. फिक्याकडून काळ्याकडे आणि सौम्याकडून कडूकडे जा, नाहीतर कडू पिऊन झाल्यावर बाकीच्यांची चवच लागत नाही. कुठली घ्यावी समजत नसेल तर ‘कॅन आय टेस्ट धिस?’ म्हणा. घोटभर चाखायला सहसा फुकट देतात. दोन प्रकार चाखावेत, मग मात्र ऑर्डर द्यावी.

आपल्या जिभेला काय रुचेल याबद्दल माझं मत सांगते. ‘हेफेवाइत्सन’ ही गव्हाची जर्मन बिअर. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास असतो, केळं-लवंग काही न घालता, निव्वळ यीस्टमुळे. सुरुवात इथून करावी. बेल्जियन ‘विट’ बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धणे असतात. ‘गोझं’ आंबट, त्यात धणे आणि चक्क मीठ. आगळ, सोलकढी आवडणाऱ्या कोकणातल्या माणसाने ती चुकवू नये. स्टाउट कॉफीसारखी लागते, कारण जव काळे होईपर्यंत भाजलेले असतात. ‘आयपीए’ म्हणजे इंडिया पेल एल. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून जहाजाने हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी यायची, तिचं नाव आपल्या देशावरून पडलं. नावामुळे ओढ वाटते, पण अमेरिकन आयपीए भलतीच कडू असते आणि तिखट पदार्थाबरोबर तिखट आणखी झोंबतं. ती आधी फ्लाइटमधून चाखा, पूर्ण ग्लास नंतर.

जर्मनीतल्या कोलोनला गेलात तर तिथली ‘क्योल्श’ बिअर फक्त २०० मिलीच्या उभट ग्लासात येते. ग्लास रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ मारतो. पंगतीत आपण पानावर हात आडवा धरतो तसा तो पुठ्ठा ग्लासावर ठेवायचा. म्हणजे पुरे. तोंडाने कितीही नको म्हटलं तरी त्या गर्दीत ऐकू जात नाही. प्रागमध्ये रेघा कागदाच्या चिठोऱ्यावर मारतात. तो कागद म्हणजे तुमचं बिल, त्यावर मुलांना चित्रं काढू देऊ नका.

न पिणाऱ्यांनी अवघडून बसायचं कारण नाही. बरीच अमेरिकन ब्रूपब स्वतःची ‘रूट बिअर’ बनवतात. नावात बिअर असली तरी ती बिनअल्कोहोलची, गोड आणि फसफसणारी असते. फक्त तिचा वास कित्येकदा गंधपुऱ्याच्या तेलासारखा असतो, म्हणून आपल्या ज्येष्ठांना ती औषधी वाटते. आईला जिंजर एल आवडलं, आल्याचं असल्यामुळे. नावातल्या ‘एल’ला घाबरू नका, पण ब्रिटनमध्ये मागवताना ‘जिंजर एल’ म्हणा. ‘जिंजर बिअर’ अल्कोहोलवालीही असते.

जेवण, आणि आईची ती संध्याकाळ

वाढदिवसाला गेलो तिथे सगळं छान झालं. चार दिवसांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या ब्रूपबमध्ये मी आईसाठी ब्रोकोली-चीजचं सूप मागवलं. मेन्यूत त्यात मांसाचा उल्लेख नव्हता. आईने अर्धं सूप संपवल्यावर मला सुचलं आणि मी विचारलं. वाढणाऱ्या मुलीने सहज सांगितलं, मांस नाही, फक्त चिकनच्या पाण्यात शिजवलंय. आईने चमचा खाली ठेवला. कुणाला काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने उपास केला आणि दिवसभर हरिपाठ म्हणत राहिली. त्या मुलीचा दोष नव्हता, विचारायचं मला उशिरा सुचलं. म्हणून हा भाग नीट वाचा.

‘व्हेज आहे का?’ हा प्रश्न पुरत नाही. तिथे तुकडे नसले की पदार्थ व्हेज. विचारायचं ते असं: ‘इज देअर एनी मीट, बेकन ऑर चिकन स्टॉक इन धिस?’ फोनमध्ये लिहून ठेवा आणि दाखवा. फ्रेंच अनियन सूपमध्ये नुसता कांदा असेल असं वाटतं, पण पाणी गोमांसाचं असतं. सीझर सॅलडच्या सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे मासे वाटून घालतात. ब्रसेल्स स्प्राउट्सवर, म्हणजे छोट्या कोबीच्या गड्ड्यांवर, बेकनचा (खारवलेल्या डुकराच्या मांसाचा) चुरा पडतो. आणि सगळ्यात फसवा शब्द ‘चिली’. अमेरिकेत चिली म्हणजे मिरची नव्हे, तर खिमा आणि राजमा यांचं कालवण. त्यामुळे ‘चिली चीज फ्राइज’वर बहुधा गोमांस असतं. नुसतं ‘बर्गर’ लिहिलं असेल तर तेही गोमांसाचंच. फ्राइज तळायच्या तेलात मासे, चिकनही तळतात, म्हणून ‘शेअर्ड फ्रायर’ आहे का ते विचारा. इंग्लंडच्या उत्तरेला काही ठिकाणी चिप्स थेट गोमांसाच्या चरबीत तळतात. अंडंही चालत नसेल तर ‘व्हेजिटेरियन’ म्हणू नका, कारण त्यात अंडं येतं, बर्गरच्या चकचकीत पावातही ते असतं. ‘व्हीगन’ म्हणा. मग दूधही जाईल, पण मनाला शांतता राहील.

बिअरबद्दलही एक सांगायला हवं. ब्रिटनमधल्या पिंपातल्या एलमध्ये गाळ खाली बसवायला पूर्वापार माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. आता ‘अनफाइन्ड’ (हा पदार्थ न घातलेल्या) किंवा ‘व्हीगन’ लिहिलेल्या एल मिळतात. मिल्क स्टाउटमध्ये दुधाची साखर असते, दूध न पचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मग मागवायचं काय? अमेरिकेत मऊ प्रेट्झेल (तेच ते ब्रेत्सेल) आणि सोबत चीजचं सॉस, पण ते सॉस बऱ्याचदा बिअर घालूनच करतात, न पिणाऱ्याने मोहरीची चटणी मागावी. ग्रिल्ड चीज सँडविच, काळ्या राजम्याच्या पॅटीचं बर्गर आणि लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा असेल तर तो. जर्मनीत ‘केझेश्पेत्सल’, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाचे शेवयांसारखे तुकडे, त्यात चीज आणि वर तळलेला कांदा. प्रागला ‘स्माझेनी सीर’, तळलेल्या चीजचा जाड तुकडा. मांसाहारी मंडळींची चंगळ आहेच, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. एकेक पदार्थ अमेरिकेत दोघांना पुरतो. आधी दोन मागवा, लागलं तर आणखी. उरलेलं ‘टू-गो बॉक्स’मध्ये मागून घरी न्या, तिथे सगळेच नेतात. जेवण तिखट लागणार नाही याची तयारी ठेवा. ‘हॉट सॉस’ची बाटली मागितली की आणून देतात.

बिल

अमेरिकेत मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. ऑरेगनसारखी विक्रीकर नसलेली राज्यं थोडी. आणि टिप म्हणजे खुशी नव्हे. टिप घेणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर अडकलेलं आहे. बरीच राज्यं याहून जास्त देतात, तरी वाढणाऱ्याचं घर टिपवरच चालतं. १८ ते २० टक्के द्यायचे. समजा ६० डॉलरचं खाणं-पिणं झालं आणि कर ८ टक्के आहे. कराचे ४.८०, टिपचे १२, एकूण ७६.८०. मेन्यू बघतानाच किमतीवर चौथ्या हिश्शाहून थोडं जास्त चढवून हिशोब करा, म्हणजे शेवटी धक्का बसत नाही. कार्ड घेऊन जातात, परत आणलेल्या पावतीवर टिप आणि एकूण रक्कम आपल्या हाताने लिहून सही करायची. सहा-आठ जण असाल तर ‘ग्रॅच्युइटी’, म्हणजे टिपच, आधीच लावलेली असू शकते, ती ओळ वाचल्याशिवाय लिहू नका. बारवर बसलात तर कार्ड ठेवून घेऊन ‘टॅब’ उघडतात. निघताना तो बंद करून कार्ड परत घ्यायला विसरू नका.

जर्मनीत वाढपी टेबलाशी येऊन ‘त्सुझामेन?’ विचारतो, म्हणजे सगळ्यांचं एकत्र का. वेगवेगळं हवं असेल तर ‘गेट्रेन्ट’. बिल २७.४० युरो झालं तर तीस देऊन ‘श्टिम्ट सो’ म्हणा, बाकी त्याची. टेबलावर पैसे ठेवून निघून जाऊ नका. ब्रिटनमध्ये बारवर पेय घेतल्यावर टिप देत नाहीत. टेबलावर वाढलं असेल तर बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ लागलाय का ते बघा, लागला असेल तर वर काही द्यायचं नाही.

निघताना

भाड्याची गाडी घेतली असेल तर पिणाऱ्याने चालवायची नाही, एक ग्लास घेतला असला तरी. झेक देशात चालकासाठी मर्यादा शून्य आहे. चालवणाऱ्याने आधीच ‘मी ड्रायव्हर’ सांगितलं तर काही जागी त्याला सोडा-लिंबू फुकट देतात.

आवडलेली बिअर ‘ग्राउलर’ नावाच्या बाटलीत भरून देतात, अमेरिकन ग्राउलर साधारण १.९ लिटरचा. तो मुंबईला आणायच्या भानगडीत पडू नका. ही बिअर ताजी, बहुधा न तापवलेली असते, आणि फोडल्यावर एक-दोन दिवसांत उतरते. भावाच्या फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. ग्लासाखालचे पुठ्ठे मात्र विचारून घ्या, ते आनंदाने देतात.